सामानाकडे लक्ष ठेव

अहो,

हे शेवटचं 'अहो'. नीट ऐकून घ्या, कारण पुढच्या ओळीपासून मी तुम्हाला अरे-तुरे करणार आहे. इतक्या वर्षांत तुझं नाव तोंडातून काढलं नाही. आधी सासूबाईंना आवडायचं नाही म्हणून, आणि नंतर सवयच झाली म्हणून. आता कोण अडवणार मला? मुकुंद! बघ, घेतलं नाव. मुकुंद, मुकुंद, मुकुंद. सुडाची सुरुवात इथून.

आजच लिहायला बसले, कारण परवाच इटलीहून आले. हो, त्याच गावाहून! तुझी खाकी सॅक बाल्कनीत ठेवली आहे, तिच्या तळाला अजून तिकडची माती आहे. सकाळी तुझ्या लेकीने, सईने, चहा पिता पिता विचारलं, "आई, किल्ला करायचा ना धिस इयर?" गेल्या दिवाळीत घरात तुझाच दुखवटा होता, बाल्कनी रिकामीच राहिली. यंदा करू म्हटलं. पण माती कालवायच्या आधी तुझ्याशी एकदा कडकडून भांडून घ्यायचं ठरवलं.

भांडण जुनं आहे. आपल्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. तू मला हरिहर गड दाखवायला नेलंस, बरोबर तुझे ते सगळे दाढीवाले मित्र. मी नवी कोरी कापडी बुटांची जोडी घालून आले होते. पायथ्याशी पोचलो, तू वर बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "तुला चक्कर येईल. तू बस इथेच. सामानाकडे लक्ष ठेव. यल्ला..." नाही, 'यल्ला' तेव्हा नव्हतं, ते अरबांचं 'चला', इथे दोह्याला आल्यावर चिकटलं. तेव्हा "चला, आलोच आम्ही" म्हणालास. आणि आलास थेट उन्हं कलल्यावर!

मी आंब्याखाली, मांडीवर दशम्यांचा डबा, आणि समोर डब्यावर टपलेली माकडं. तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. नाशिक जिल्ह्यातला एकही गड मी पाहिलेला नाही. पायथे मात्र सगळे पाठ आहेत. कुठल्या पायथ्याला सावली चांगली, कुठल्या पायथ्याला ताक मिळतं, विचार मला.

मग तुझी नोकरी लागली आणि आपण दोह्याला आलो. किती बरं वाटलं होतं मला! सपाट देश. इथे चढणार काय, उड्डाणपूल? पण तू कसला गप्प बसतोस. पहिल्याच दिवाळीत बिन ओमरानमधल्या आपल्या फ्लॅटच्या या बाल्कनीत किल्ला करायचा म्हणून समैस्माच्या किनाऱ्यावरून पोतंभर वाळू आणलीस. मी म्हटलं होतं, "अहो, वाळूचा गड उभा राहायचा नाही." तू म्हणालास, "इंजिनियर कोण आहे?" नरकचतुर्दशीला सकाळी आख्खा गड खालच्या मल्याळी मावशींच्या वाळत घातलेल्या चादरींवर! पुढच्या वर्षीपासून मुकाट्याने नर्सरीतून माती आणायला लागलास.

मातीची चित्रं मी दर सुट्टीत नाशिकहून साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणायची. मांडायचास तू. मावळे वर, तोफा वर. आणि विहिरीवर पाणी भरणारी ती हिरव्या लुगड्यातली बाई, ती कायम पायथ्याला. आल्यागेल्याला दाखवायचास, "आणि ही आमची नलू!" सगळे हसायचे. मीही हसायचे. चिवड्याच्या बशा माझ्याच हातात असायच्या, फेकून कशा मारणार?

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत इटलीला नेलंस. रोम नको, व्हेनिस नको. तुला हवी होती डोंगरावरची ती जुनी तटबंदीची गावं. खरं सांगते, गावं सुंदरच रे. घराला घर पाठीला पाठ लावून उभं, आणि त्या घरांचीच भिंत म्हणजे गावाचा तट. एक वेस, आत एकावेळी एकच माणूस जाईल असा बोळ, खिडक्यांत लाल फुलं, आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा तो दगडी मनोरा. तू वेशीतच थांबायचास, दगडावर हात फिरवायचास आणि म्हणायचास, "बघ, शत्रूचा घोडा इथे वळूच शकत नाही!" मी म्हणायचे, "चला ना, वर जाऊ." आणि लगेच तुझं ते सुरू. "अगं, पासपोर्ट आहेत पिशवीत. तू बस त्या बाकावर. सामानाकडे लक्ष ठेव. यल्ला, आलोच मी."

इटलीतल्या बाकांवर मी पुस्तक लिहू शकेन, मुकुंद! कुठल्या बाकावर म्हातारे पत्ते खेळतात, कुठलं मांजर चकलीचा तुकडा खातं, कुठल्या चर्चची घंटा कानठळ्या बसवते. मनोरे मात्र तुझ्याच तोंडून ऐकायचे.

शेवटच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या कुणी वाचलं तर पुढच्या वर्षी तिथे बस भरून जाईल. त्या गावात तू वर गेलास तो बराच वेळ आलाच नाहीस. आलास तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, "अहो, चेहरा असा का झालाय?" तर तू उलट माझ्यावरच चिडलास. "वरून तू स्पष्ट दिसत होतीस. निळी ओढणी. किती वेळ हात करत होतो! तू एकदासुद्धा वर बघितलं नाहीस." झालं, मी पिशवी उचलली आणि निघाले. मग गाडीत बसल्यावर तू वरचं वर्णन केलंस. लांबवर तळं, तीन टेकड्यांवर तीन गावं, जोगिणींच्या मठामागची ऑलिव्हची झाडं. फोटो एकही नव्हता. "डोळ्यांत साठवावं, फोटो काय काढायचे," म्हणालास. आणि मी, वेडी, ते खरं धरून चालले.

त्यानंतर काही महिन्यांनी अल थुमामाच्या साइटवर जिना चढताना तू पडलास. डॉक्टर म्हणाले, "इनको पहले से तकलीफ रही होगी. घर पे कभी कुछ बोले नहीं?" मी तुझ्या बाजूने भांडले, मुकुंद! ताठ मानेने म्हणाले, "नहीं. वो मुझे सब बताते थे."

शोकसभेला मंडळाचा हॉल गच्च भरला होता. आपले देशपांडे, तुझ्या ऑफिसातले, बोलायला उभे राहिले. "मुकुंदरावांनी इटलीचे गडही पायाखाली घातले! आणि वहिनी? वहिनी खाली बसून इमानाने सामान सांभाळायच्या." शोकसभेत लोक हसले! हार घातलेल्या फोटोतून तूही हसत होतास. तिथेच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी ठरवलं की तुझा सूड घ्यायचा. त्याच गावात जायचं, तुझी सॅक त्या बाकावर ठेवायची, आणि वर जायचं.

वर्षभर तयारी केली. लिफ्ट सोडली. आपल्या इमारतीचा जिना रोज वर-खाली, वर-खाली. वॉचमन घाबरला बिचारा. "मॅडम, लिफ्ट खराब है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, दिमाग खराब है." शुक्रवारी सई मला समैस्माला घेऊन जायची, भिजल्या वाळूत पाय रोवून चालायला. गुडघे कुरकुरायचे. मी त्यांना सांगायचे, थांबा, तुमचाही बदला घेऊन देते.

आणखी एक होतं, ते सईलाही सांगितलं नव्हतं. तू गेल्यापासून तुझ्या त्या एका वाक्याने माझा जीव खाल्ला होता. हात करत होतो, तू बघितलंच नाहीस. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तेच. तू तिथे उंचावर उभा, हात हलवतोयस, आणि मी खाली मांजराला चकली घालतेय. एकदा वर बघायला काय झालं होतं मला?

तर, वर्षश्राद्ध झालं आणि गेलो आम्ही. तेच गाव, तीच वेस, तोच बाक. मी तुझी सॅक बाकावर ठेवली, पट्टे सरळ केले आणि मोठ्याने म्हणाले, "बस इथेच. सामानाकडे लक्ष ठेव. यल्ला, आलेच मी!" सई म्हणाली, "आई, यू आर सो मीन टू बाबा!" मी म्हटलं, "अजून काहीच बघितलं नाहीस तू."

चढले रे मी. बोळातून, पायऱ्यांवरून, मनोऱ्याच्या आतल्या त्या अंधाऱ्या लाकडी जिन्यावरून. दोनदा दम लागला, थांबले, पुन्हा चढले. चक्कर आली नाही! वर पोचले तेव्हा असला वारा होता की ओढणी तोंडावर. तळं होतं. तीन टेकड्यांवर तीन गावं होती. जोगिणींची झाडं होती. सगळं तू सांगितलंस तस्संच. मग मी वाकून खाली बघितलं. तुझी सॅक बघायची होती, जमलं तर वाकुल्या दाखवायच्या होत्या.

बाक दिसेना.

चारही बाजूंनी फिरले. सईही फिरली. बाकाच्या आणि मनोऱ्याच्या मध्ये चर्चचं भलंमोठं कौलारू छप्पर आहे. वरून कुठूनही तो बाक दिसत नाही. निळी ओढणी दिसणं शक्यच नाही.

खाली मनोऱ्याच्या दाराशी किल्ली सांभाळणारी बाई बसते, आपल्या सुमनआत्यांएवढी, सत्तरीची असेल. सईने तिला फोनवर तुझा फोटो दाखवला. बाई ताडकन उभीच राहिली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि भराभरा बोलत सुटली. सई फोनवरून भाषांतर वाचत गेली. तू तिथवर आला होतास. पहिल्या पायरीवरच खाली बसलास. घाम, छातीवर हात. तिने पाणी दिलं, डॉक्टरला बोलावते म्हणाली, तर तू खुणा केल्यास, नको, नको, बायको खाली आहे. मग त्या खुर्चीत बसून तिला विचारलंस, वरून काय काय दिसतं? तिने सांगितलं. तळं, तीन गावं, जोगिणींची झाडं. तू तिच्याकडून दोनदा वदवून घेतलंस, नीट पाठ होईपर्यंत!

सईने फोन खाली ठेवला. आपली लेक, जी रागावली की इंग्रजीत आणि रडली तरी इंग्रजीत, ती म्हणाली, "आई, बाबा मला पण नाही बोलले गं."

मी काय म्हणाले माहीत आहे? तुला शिवी दिली. नाशिकची, अस्सल. किल्लीवालीला भाषांतराची गरज पडली नाही.

अरे नालायका! गड चढायला तुला मी नको होते, ठीक. पण तुझी छाती दुखते हे ऐकायलाही मी नको होते? त्या किल्लीवालीला कळलं, मला नाही! वर, मी फार विचारू नये म्हणून माझ्याच गळ्यात खापर फोडलंस. तू वर बघितलंच नाहीस म्हणे! मी वर्षभर ते खरं मानून रडले, आणि तू वर नव्हतासच. दोह्याला उतरल्या उतरल्या तुला मानगूट धरून दवाखान्यात नेलं असतं मी. तू हात जोडले असतेस तरी सोडलं नसतं.

मी सामानाकडे लक्ष ठेवलं, मुकुंद. तेच एक काम तू मला दिलंस आणि ते मी आयुष्यभर चोख केलं. पासपोर्ट, डबे, पाण्याच्या बाटल्या, मित्रांच्या पिशव्या, कधी काही हरवलं नाही. फक्त जे खरंच सांभाळायचं होतं, ते तू माझ्यापासून लपवून एकटाच वर घेऊन गेलास. याला मी तुला माफ करणार नाही. देवाने मध्यस्थी केली तरी नाही.

खाली आले तेव्हा सॅक बाकावर तशीच होती. तेच मांजर तिला टेकून झोपलं होतं. मी शेजारी बसले आणि सॅकेला दोन चापट्या मारल्या. मग खूप वेळ बसून राहिलो आम्ही, मी आणि तुझी सॅक. सई कॉफी आणायला गेली ती मुद्दाम उशिरा आली.

आता शिक्षा ऐक. यंदाच्या दिवाळीत बाल्कनीत हरिहर नाही, राजगड नाही. यंदा ते गाव होणार. वेस, बोळ, चर्चचं छप्पर, सगळ्यांच्या वर मनोरा. मीच करणार, वाळू न घालता. मनोऱ्याच्या टोकावर हिरव्या लुगड्यातली ती पाणी भरणारी बाई उभी राहील. आणि पायथ्याला आगपेटीचा एक बाक करून त्यावर तुला बसवणार आहे. सईने मातीचा एक टकला मावळा शोधलाय, हुबेहूब तू. मांडीवर पिशवी, पिशवीत पासपोर्ट. आल्यागेल्याला मी दाखवणार, "आणि हे आमचे मुकुंद!" देशपांड्यांना पहिलं बोलावणार.

एक मात्र करणार आहे. चर्चचं छप्पर थोडं बाजूला सरकवणार. मनोऱ्यावरून बाक दिसला पाहिजे, तुला पळवाट नको. तू खाली बसून वर बघायचंस. मान दुखेपर्यंत बघायचंस. वसुबारस जाईल, धनत्रयोदशी जाईल, लक्ष्मीपूजन होईल, आणि वचन देते, मी हात करणार नाही.

पाडव्याला बघू.

तुझी,
(तुमची नाही)
नलू