मंत्र्यांची घोषणा आणि तुमची घोषणा

ती. काकांना नमस्कार,

तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय आणि तुम्ही गच्चीपर्यंत जाऊन येता, हे काकूंकडून कळतं. मी ठीक आहे. जेवतो, शाळेत जातो, भूगोलाचे तास घेतो. ताई गेल्याचं तुम्हाला कळवलं होतं. तुमच्याकडून काही आलं नाही, पण हल्ली पोस्टाचं काही खरं नाही (मी फोनवर कळवलं होतं, तेव्हा पोस्टाचा तसा संबंध नाही). तुम्ही तिला ताई म्हणत नाही. तुमच्या लेखी ती माझा थोरला भाऊ, जो एक दिवस साडी नेसून घरी आला. पण इतकी वर्षं मला ताई म्हणायचीच सवय आहे, तेव्हा या पत्रापुरतं चालवून घ्या.

ती तिच्या लाउडस्पीकरच्या दुकानातच गेली. सभेची ऑर्डर होती, वायर गुंडाळत बसली होती, आणि तशीच भिंतीला टेकली. वायर अर्धी गुंडाळलेली आहे. ती तशीच ठेवावी की पूर्ण करावी हे मला कळत नाही. पण ते राहू दे. सांगायचं ते वेगळंच.

मी सरकारी कचेरीत मृत्यूची नोंद करायला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी जन्माची नोंद काढली आणि म्हणाल्या, नाव हेच लागणार, आणि पुढे ‘पुरुष’. मी म्हटलं, अहो, मंत्र्यांनी तर घोषणा केली आहे. ती घोषणा झाली ती सभा तुम्हाला आठवत असेल, रेडिओवर होती (तुम्ही मध्येच बंद केलात असं काकू म्हणाल्या). त्या सभेचा लाउडस्पीकर ताईचाच होता. मंत्री माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलत होते, तेव्हा हिनेच स्टेजवर जाऊन सांगितलं, “साहेब, जवळ या, मागच्यांना फक्त तुमचे हात दिसतायत.” मग ते जवळ आले आणि त्यांनी घोषणा केली. प्रत्येक सभा ती रेकॉर्ड करून ठेवायची. त्यामुळे पुरावा माझ्याकडे होता, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डिंग आणि तिचा एक लहान स्पीकर घेऊन गेलो. लहान म्हणजे तिच्या हिशोबाने लहान. आवाजाचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. एकदम सगळ्या मजल्यावर मंत्री गरजले, की आजपासून या राज्यात माणूस स्वतःला जे म्हणेल तीच त्याची ओळख, आणि सरकारी कागदही तेच बोलेल! पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दारातला वॉचमन उठून उभा राहिला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, भाषण छान आहे म्हणाल्या, आणि विचारलं, “आदेश कुठाय?” मी म्हटलं, ते ‘आजपासून’ म्हणालेत. बाई म्हणाल्या, आजपासून म्हणजे आदेश निघेल त्या आजपासून. तो आज अजून आलेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, घोषणा म्हणजे नुसता इरादा. तिचा निर्णय व्हावा लागतो, निर्णयाचा आदेश, आदेशाचे नियम, आणि नियम खिडकीपर्यंत पोचवायला परिपत्रक. (नदीचा उगम आणि मुख यांत इतकं अंतर असतं हे मी मुलांना शिकवतो, पण तिथे निदान पाणी असतं.) त्याच संध्याकाळी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने जाहीर केलं की आम्ही आलो की ही घोषणा रद्द करू. मी घाबरून पुन्हा बाईंकडे गेलो. त्यांनीच मला धीर दिला. म्हणाल्या, काळजी करू नका, जे झालेलंच नाही ते रद्द कसं करतील? आणि त्यांचंही ते बोलणंच आहे. मला हायसं वाटलं. बाहेर पडल्यावर कळेना की कशाबद्दल वाटलं.

काका, माझा खरा गोंधळ पुढेच आहे. आत्याकडे जेवताना तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाला होतात, “आजपासून हा आमचा कुणी नाही.” माइक नव्हता, टाळ्या नव्हत्या. तरी तुमच्या भिंतीवरचा तिचा फोटो त्याच संध्याकाळी उतरला. चुलतभावांचे फोन थांबले. लग्नाच्या पत्रिका आल्या त्या फक्त माझ्या नावाने. निर्णय नाही, नियम नाही, परिपत्रक नाही, आणि अंमलबजावणी मात्र गावोगावच्या नातेवाइकांपर्यंत. मी वकिलांना विचारलं, या घोषणेला कायद्याने किती वजन? ते म्हणाले, शून्य. मी म्हटलं, तुम्ही एकदा उचलून पाहा.

असो. थोरांना नमस्कार सांगा, धाकट्यांना आशीर्वाद. गुडघा जपा.

तुमचा पुतण्या

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. बाईंनी नंतर मला आत बोलावून एक जुना नियम दाखवला. ज्याने जन्म कळवला होता त्यानेच लेखी दिलं, तर मूळ नोंद दुरुस्त होते, मग मृत्यूची नोंदही तिच्या नावाने होईल. बाबा तेव्हा बदलीच्या गावी होते. जन्म तुम्ही कळवला होतात. नोंदीखाली सही तुमची आहे, तेव्हाही आतासारखीच वळणदार. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. नंतर तिचा शेवटचा कागद जुन्या नावानेच राहील, कायमचा. सोबतच्या कागदावर सही करावी, ही विनंती.

ता. क. २. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात काकू आल्या. पत्र वाचलं आणि ‘अंमलबजावणी’पाशी हसल्या. मग पिशवीतून तो भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या साड्यांच्या घडीत होता म्हणे. तुमचा रेडिओ दर वेळी बाजारातून दुरुस्त करून आणते असं त्या सांगायच्या ना? तो ताईच्या दुकानातून यायचा. ती पैसे घ्यायची नाही. फक्त काका कुठलं स्टेशन लावतात ते विचारायची आणि काटा तिथे लावून द्यायची. म्हणजे तुमची घोषणा तुमच्या स्वयंपाकघरापर्यंतही पोचली नव्हती. वकिलांचं बरोबर होतं.

ता. क. ३. काकूंची सही चालेल का हे बाईंना विचारून आलो. चालत नाही. तुमचीच लागेल. चष्मा काकू शोधून देतील. रेडिओ पुन्हा खरखरला तर कुठे न्यायचा, हे मात्र आता मलाही माहीत नाही.