हैदराबादची मॅरेथॉन अन् आम्रपालीचे बूट

अन् "पैसे देऊन धावते तो येडा," हे तुमी दुकानात चार गिऱ्हाइकायसमोर म्हणलं, ते काही बरं केलं नाही, मामाजी. म्हणलं ते म्हणलं, वरून आम्रपालीचे बूट कापडाच्या पेटीत टाकून कुलूप लावलं, हे तर अजिबात बरं केलं नाही. ते बूट मी पाठवले होते. माझी बहीण सकाळी तुमसर रोडनं धावते, त्यात कोणाचं काय जाते? पुढच्या महिन्यात इथं हैदराबादले बायांची दहा किलोमीटरची शर्यत आहे, तिनं नाव टाकलं आहे, अन् तुमी म्हणता पोरीनं रस्त्यानं धावू नये, लोक हासतेत. हे भांडण फोनवर होत नाही, तुमी मधातच फोन ठेवता. म्हणून कागदावर लिहून राह्यलो.

बाकी तुमाले अन् मामीले सविनय जय भीम (हे वर लिहाचं असते, पण राग आधी आला). तुमचा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनीचा पट्टा बदलला का? आई गेल्यावर आमा दोघा भावंडायले तुमीच वाढवलं, हे मी विसरलो नाही. आठवीच्या पुढं शाळेनं मले ठेवलं नाही, अन् मीही तिले आग्रह केला नाही. इथं टाईल्सचं काम धरलं, सोडलं, लिफ्टचं धरलं, सोडलं, आता घरोघरी पाण्याच्या कॅन पोचवतो. तुमी म्हणता मी एका जागी टिकत नाही. आता मॅरेथॉनमध्ये एका जागी टिकून कसं चालंल, तुमीच सांगा.

तर मी मॅरेथॉन धावलो त्या दिवसाचं ऐका. पहाटेचे हजारो लोक उभे. वकील, डॉक्टर, पांढऱ्या केसायचे आजोबा, सारे हाफपँटवर (शिलाई पाहून तुमची आठवण आली, एकाही पँटीले धड कंबर नाही). ज्या रस्त्यावर मले रोज हॉर्न मारून बाजूले करतेत, तोच रस्ता त्या दिवशी पोलीस उभे राहून माह्यासाठी मोकळा ठेवतेत. ज्या बिल्डिंगीत मले "मागच्या जिन्यानं जा" म्हणतेत, तिथली माणसं बालकनीतून माह्या नावानं टाळ्या वाजवतेत (छातीवर नाव चिकटवलेलं असते). एवढं सुख पैसे देऊन भेटते, तर सस्तं आहे, मामाजी.

पण एक चूक झाली. इथं रस्त्याच्या कडेले लोक पाणी, संत्री, मीठ लावलेले आलू घेऊन उभे राहतेत. मले काय माहीत की ते धावता धावता झपटून घ्याचं असते? आपल्या वॉर्डात चौदा एप्रिलच्या रॅलीत दारोदारी सरबत घेऊन बाया उभ्या राहतेत, अन् एखाद्याच्या दारचं न पिता पुढं गेलं, की वर्षभर ऐकून घ्यावं लागते, "मोठा साहेब झाला बाप्पा, आमचं सरबत चालत नाही याले." तीच सवय. मी प्रत्येक टेबलाजवळ थांबलो, पाणी प्यालो, घरच्यायची तब्येत विचारली, अन् मंग पुढच्या टेबलाकडं गेलो. लोक कागदाचे गिलास रस्त्यावर फेकून जाऊन राह्यले होते, ते मले पाहवलं नाही, एका ठिकाणी तेही वेचले. होता होता पुढं कोणी दिसेना अन् मागंही कोणी दिसेना.

अशात आमची नाल्याकाठची वस्ती आली. मागच्या पावसात इथं पाणी छातीपर्यंत चढलं होतं, हे तुमाले माहीत आहे. मी कॅन डोक्यावर धरून गल्लीत फिरत होतो. गाद्या, पाट्या-पुस्तकं, पेट्या, सारं वाहून गेलं, अन् नांदेडकडल्या शांताबाई नावाच्या एका म्हातारीनं शेजाऱ्यायची कोरडी लाकडं जमा करून तिच्या गच्चीवर एका मोठ्या गंजात अख्ख्या गल्लीचा भात शिजवला. ज्याच्या घरी जे वाचलं ते त्यानं वर आणलं. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. अन् त्याच गल्लीतले लोक, मामाजी, त्याच गंजात उपमा करून रस्त्यावर उभे! डफडं वाजून राह्यलं होतं. शांताबाईनं मले पाहिलं अन् ओरडली, "अगं बया, हा तर आपला कॅनवाला! बस की रे, कुठं चाललास एवढ्या घाईनं?" आता मले सांगा, बसू नाही तर काय करू? बसलो. दोनदा उपमा घेतला.

तेवढ्यात मागून शर्यतीची शेवटची गाडी आली. जो मागं राह्यला त्याले तिच्यात बसवून नेतेत अन् रस्ता खुला करतेत. साहेब म्हणे, "चलो भाई, बैठो, टाइम हो गया." मी बसणारच होतो. पण शांताबाई गाडीपुढं उभी राह्यली, "आमच्या दारचा माणूस असा उचलून न्यायचा नाही." अन् तिची सून नूतन हिनं लुगडं खोचलं अन् ती मले हाताले धरून ओढत पळाली. मंग काय, सारी गल्ली चपला फटफटवत पळाली, गाडी मागून हळूहळू. नूतन पुलापर्यंत माह्या पुढंच होती. अन् डफडं कोण वाजवत होतं, माहीत आहे? तिचा सासरा. "चल पोरी, चल!" म्हणत होता. कोणी हासलं नाही. म्हणजे हासले, पण सारेच.

मी पोचलो तेव्हा मंडपाचे दोर सोडून राह्यले होते. एका पोरीनं बांधलेलं खोकं फोडून माह्या गळ्यात पदक टाकलं. तेव्हा मले वाटलं, आम्रपाली इथं पाहिजे होती. तिचं धावणं माह्या चारपट आहे. पेटीत बूट राहतेत, मामाजी, पोट्टी राहत नाही.

तुमचा भाचा,
धम्मपाल

ता. क. फोनवर मी "पहिल्या दहात आलो" म्हणलो, ते मागून मोजलं तर खरं आहे.

आणखी ता. क. आम्रपालीचा सराव बंद पडला, असं समजू नका. ती मामीच्या चपला घालून नहराच्या काठच्या पाळीवरून धावते, अन् मामी तिच्या सोबत अनवाणी. मामीचंही नाव मी टाकलं आहे (तिनंच सांगतलं, तुमाले सांगू नको म्हणे). दोघी इकडं आल्यावर तुमाले चहा करून द्याले घरी कोणी राहणार नाही, म्हणून तुमचंही तिकीट धरलं. मामी लुगडं खोचून धावतो म्हणते, पण मले भेव वाटते, पडंल. तिले एक ढगळ पायजमा शिवा, दोन खिशायचा, कंबर धड असलेला. गोंदियाहून तीन तिकिटं अन् पायजम्याचं कापड (शिलाई घरची धरली आहे), असे मिळून तुमच्याकडून येणे रुपये दोन हजार सहाशे फक्त.