मागचे उजवे चाक

अण्णा नगर, चेन्नई
आयुधपूजेच्या आधीचा रविवार

आदरणीय शहाजीराव,

रत्नाकरचा नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि साताऱ्याचा पाऊस तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण विद्युलता खुशाल आहे, आणि कालपासून माझ्याशी बोलत नसल्यामुळे मीही एकंदरीत खुशाल आहे. फोन सोडून पत्र कशाला, असे विचाराल. फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवून हसता. कागदावर ते जमणार नाही.

तर आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या ब्रेकचे सिलिंडर मी घरी, स्वतःच्या हाताने बदलले. (मागच्या प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये अंगठ्याएवढा एक सिलिंडर असतो. पॅडल दाबले की तो ब्रेकचे दोन्ही शू बाहेर ढकलतो आणि गाडी थांबते. आमचे दोन्ही गळत होते, म्हणून गाडी पोंगलपासून, म्हणजे तुमच्या संक्रांतीपासून, उभीच होती. तुम्हाला यातले काही माहीत नसणार, कारण 'त्यात काय, घरच्या घरी होतं' असे म्हणणारे तुम्हीच.)

आता म्हणाल, तुमचा भाचा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्याच विभागात इंजिनिअर असताना तुम्ही कशाला तडफडलात? बरोबर आहे. तन्मय रोज शेकडो अनोळखी लोकांचे ब्रेक तपासतो. बापाच्या ब्रेकसाठी त्याला नऊ महिन्यांत एक रविवार मिळालेला नाही. तुम्हाला मात्र दर आठवड्याला फोन करतो. विद्युलता महिन्यातून एकदा मेट्रोने जाऊन त्याला कुठल्याशा हॉटेलात भेटते आणि मला सांगते की देवळात गेले होते. (देवळातून कोणी सांबाराचा वास घेऊन येत नाही.) मला त्याने मार्चमध्ये एक व्हिडिओ पाठवला. बारा मिनिटांचा. खाली एक अक्षर नाही. मी तो उघडलाही नाही. बापाची बोळवण करायची तर निदान दोन शब्द लिहून करावी.

पोंगलला तो याच कामासाठी आला होता आणि अर्ध्यावर हात धुऊन न जेवता निघून गेला. का गेला ते त्याने तुम्हाला मीठमसाला लावून सांगितले असेलच. मी फक्त मागे उभा होतो. संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षे काढलेला माणूस काम करणाऱ्याच्या मागे उभा राहणार नाही तर काय समोर बसून टाळ्या वाजवणार? 'हे नापास' एवढेच म्हणालो. दोनदा. (विद्युलता म्हणते, सहादा. आणि त्याच्या शाळेतल्या प्रयोगांपासून मोजले तर विचारूच नका, म्हणते.)

असो. मंगळवारी आयुधपूजा. इथे त्या दिवशी गाडीला चंदन-कुंकू लावून चारही चाकांखाली लिंबे ठेवतात आणि त्यांवरून गाडी पुढे नेतात. लिंबे ठेवायचे काम लहानपणापासून तन्मयचे. यंदा त्याच्यावाचून काही अडत नाही, हे मला दाखवायचे होते. कोणाला, ते विचारू नका.

गुरुवारी सुरुवात केली. सुरक्षा आधी, म्हणून पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक करकचून ओढला, मागची बाजू जॅकने उचलून टेकूंवर घेतली आणि ड्रम काढायला बसलो. निघेना. लाकडी हातोड्याने दोन तास ठोकला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. अखेर शेजारचे भीमसेन खाली आले. (तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि अजून घाई करत नाहीत.) त्यांनी गाडीत डोकावून हँडब्रेक सोडला. ड्रम माझ्या मांडीवर आला. हँडब्रेक ओढलेला असला की तेच शू ड्रमला आतून धरून ठेवतात, हे मला माहीत होते. फक्त त्या दोन तासांत माहीत नव्हते.

मग मी दोन्ही चाके एकदम उघडली. आमच्या विभागाची शिस्तच तशी: आलेला माल आधी पूर्ण खोलायचा, रॉकेलने धुवायचा आणि जातवारीने मांडायचा. स्प्रिंगांत स्प्रिंगा, शूंत शू, स्क्रूंत स्क्रू. वर्तमानपत्रावर इतकी सुंदर मांडणी झाली की मी फोटो काढणार होतो. भीमसेन म्हणाले, "अय्यो, दोन्ही एकदम कां उघडलांत हो? आतां डावें कुठलें, उजवें कुठलें?" मी म्हणालो, माल पास आहे. माल पास होताच. बाजूंची अदलाबदल झाली होती.

नवे सिलिंडर बसवले. त्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात: एकाने पॅडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून तेलाचा नट सोडायचा. पॅडलवर विद्युलता. दाब, सोड, दाब म्हटल्यावरच दाब, हे काय दाबणं झालं, पुन्हा. चाळीस मिनिटांनी ती शांतपणे उतरली आणि म्हणाली, "आता कळलं पोर का येत नाही." आणि वर निघून गेली. उरलेली हवा भीमसेननी काढून दिली. तरी पॅडल दर खेपेला आणखी खोल जाई.

काल दुपारी निरुपाय म्हणून तो व्हिडिओ उघडला. कोणा परक्याचा असेल असे मी धरून चाललो होतो. त्यात आमच्याच मॉडेलची गाडी होती, आणि हात तन्मयचे. पहिलेच वाक्य: "बाबा, हँडब्रेक सोडलाय ना?" चौथ्या मिनिटाला: "बाबा, एका वेळी एकच चाक उघडा, दुसरं नमुना म्हणून राहू द्या. ब्रेक आपोआप घट्ट करणारा स्क्रू दोन्हीकडे वेगळा असतो, बदलला तर सैल करत जातो." शहाजीराव, मी तो तीनदा पाहिला. चूक शोधायलाच पाहिला, खोटे कशाला बोलू? बारा मिनिटांत नापास करण्यासारखे काही सापडले नाही.

मग त्याने सांगितले तसे एकेक चाक करत गेलो. काल संध्याकाळी गाडी फाटकापासून हातभरावर जागच्या जागी थांबली. तेव्हा तन्मयला कळवा की काम झाले आहे, त्याने तसदी घेऊ नये.

तुमचा,
रत्नाकर

ता. क. वरचे शेवटचे वाक्य त्याला कळवू नका.

ता. क. दुसरा. आज सकाळी मागचे उजवे चाक मी पुन्हा उघडले आहे. उत्तम चालणारा भाग मी आयुष्यात नापास केला नाही, असे सगळ्यांना सांगत आलो. त्यावर विद्युलता आज अखेर बोलली, म्हणाली, एक केलात, आणि तो ओरगडमला राहतो. टपाल मंगळवारपर्यंत पोचणार नाही, म्हणून या पत्राचे फोटो तुमच्या फोनवर पाठवतो आहे. तुमचा फोन तो उचलतो. म्हणावे, मंगळवारी सुट्टी आहे, चाक उघडे आहे, लिंबे आणून ठेवली आहेत. चाकापाशी तो बसेल, पॅडलवर मी. तो दाबा म्हणेल तेव्हा दाबीन, सोडा म्हणेल तेव्हा सोडीन, आणि मागे उभा राहणार नाही.