गोळीवरचा गूळ

पुणे, २३ ऑगस्ट १९९८

दादा,
तुला नि वहिनीला जय भीम.

आईची काळजी करू नकोस. गोळी गिळवत नाही म्हणून नाकातून नळी घातलीय. सिस्टर गोळ्या कुटून, पाण्यात कालवून सोडते. सलाईनचा हात जरा सुजलाय, एवढंच.

कडू गोळीवर आईला गूळ लागतो, हे आबा विसरत नाहीत. नळीतून औषध गेलं की तू धाडलेल्या गुळाचा खडा तिच्या ओठांना लावतात. मी म्हटलं, "आबा, तिला आता कडू लागतच न्हाई." तर म्हणाले, "तुला काय ठावं?"

काल तिनं जीभ लावली होती. आज ओठ हलले नाहीत. मग आबांनीच तो खडा खाल्ला, कडू गोळी चघळल्यासारखं तोंड करून.

म्हैस वहिनीला धार काढू देते ना?

गूळ आता धाडू नकोस. तूच ये.

तुझी,
स्वप्ना