मडगार्डातला जवळा

पूनम,

तुझा सासरा मुरुडच्या दवाखान्यात गेलाय, स्वराजला बातमी द्यायला. विम्याचा दावा आपण जिंकला!

"तुमचाच मुलगा बाइक घेऊन माझ्या बाजूला घुसला," असं तो मोटारवाला आजही ठणकावत होता. म्हातारा विम्याच्या साहेबाला म्हणाला, "साहेब, याच्या मडगार्डात जरा हात घाला." मूठभर जवळा निघाला! शेजारच्या कमळाबाईने तो अपघाताच्या दिवशी रस्त्याच्या एकाच कडेला वाळत घातला होता, स्वराजच्या बाजूच्या. वासाने गावातली एकूणएक मांजरं साक्षीला धावली. साहेबाने तिथेच लिहिलं, चूक मोटारवाल्याची.

डबा घेऊन ये. "तूच चुकला असशील," असं स्वराजला म्हणाली होतीस, त्याचं काय ते तू बघ. म्हातारा तेवढा वेळ बाहेर चहाला जाईल.

तोच म्हातारा, तुझा सासरा,
रावजी