न तपासता झालेली माझी सही

सोम. १२ जाने.
मोहोपाड्याच्या कारखान्यातलं विजेच्या नव्या पॅनलचं काम संपलं एकदाचं. शुक्रवारी हँडओव्हर. अठ्ठेचाळीस ड्रॉइंगं द्यायची, अ‍ॅज-बिल्ट. म्हणजे प्रत्यक्षात जसं बसवलं तसं. आधी जसं ठरलं होतं तसं नव्हे. शिळफाट्याच्या आमच्या ऑफिसात हे मला एकटीलाच कळतं की काय, देव जाणे.

प्रिंट घेऊन साइटवर गेले. ड्रॉइंग म्हणतं, पंप ४ नंबरच्या स्विचवर, ७ नंबर रिकामा. पॅनलच्या दाराला आतून मार्करने लिहिलंय: "पंप ७ वर हाय. ७ रिकामा समजू नये." अक्षर इस्माईलचाचांचं. आमचे सगळ्यात जुने वायरमन. पॅनलचं दार हीच त्यांची वही.

विचारलं. "दिवाळीच्या टायमाला चारचा स्विच जळला. पानी तर पायजे. मोकलसर फोनवर बोलले सातवर घ्या, घेतला. चारला नवा स्विच मागनं बसला, पंप सातवरच ऱ्हायला." आणि कागद? "कागद तुमी करता ना गं पोरी."

बरोबर आहे. मला कुणी सांगितलंच नाही.

मंगळ. १३
मोकलसर, म्हणजे प्रोजेक्टचे साहेब: "पुढच्या रिव्हिजनला बघू." हँडओव्हरनंतर पुढची रिव्हिजन कुणाच्या बापाने पाहिलीय? टाकी भरली की पंप आपोआप थांबतो. कुणी ड्रॉइंग बघून ४ बंद करील, पंप थांबलेलाच दिसेल, बिनधास्त मोटरचं झाकण उघडील. आणि करंट येणार ७ वरून. माणूस जाईल ना जिवानिशी!

जसंच्या तसं सांगितलं. तर म्हणे, "मॅडम, तुम्ही फार इमोशनल होता."

इमोशनल म्हणे. ४ आणि ७ यात इमोशन कुठून आलं?

बुध. १४, संक्रांत
मो.सर डबा घेऊन टेबलाशी. तिळगूळ घ्या, गोड बोला. म्हटलं, तिळगूळ घेते, बोलायचं काय ते ड्रॉइंग बघून ठरवते. सगळे हसले. ते नाही हसले.

दुपारी हँडओव्हरची फाइल उघडली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस शीटवर "तपासले"च्या चौकटीत माझं नाव, माझी सही. मी केलेलीच नाही! मागे कुठल्याशा टेंडरसाठी सही स्कॅन करून दिली होती, तीच डकवलीय. खालचा फराटासुद्धा प्रत्येक शीटवर तंतोतंत तोच. असला संताप आला! फाइल घेऊन तडक मो.सरांच्या टेबलाशी.

"सगळीकडे असंच करतात," मो.सर. सगळे शेण खातात म्हणून मीही खायचं का? हे तोंडावर बोलले. वाईट वाटलं नाही.

गुरु. १५
दिवसभर पॅनलपाशी. एकेक वायर बोटाने धरून. शेहेचाळीस शीट जुळल्या, त्यांवर माझ्या हाताने सही. पंपाच्या दोन उरल्या. त्यांवर लाल पेनाने खरं काय ते लिहिलं, सही नाही.

तेवढ्यात पेंटर हजर, दार रंगवायला. म्हणे साहेबांनी सांगितलंय, हँडओव्हरला दार स्वच्छ पाहिजे. दारासमोर उभीच राहिले. म्हटलं, आधी मला रंगव. गेला बिचारा. मग फोटो काढले.

चाचांना सगळं सांगितलं. उद्या पत्र देणार, त्यात तुमचं नाव येणार, सर फोनवर बोलले याला पुरावा नाही, खापर तुमच्यावर फुटेल. "लिव तू. मी केलाय तो केलाय. नाय लिवलं नि कोन मेला, तर त्याच्या घरी काय तोंड घेऊन जाऊ?" माझ्या डोळ्यांत पाणी. त्यांनी लगेच चहा मागवला.

शुक्र. १६
हँडओव्हरच्या मीटिंगला सगळ्यांसमोर पत्र ठेवलं. फाइलमधली छापील सही मी केलेली नाही, पंपाच्या दोन शीट चूक आहेत. पोच घेतली, शिक्क्यासकट. मो.सर: "ही आमची घरातली बाब आहे." घरातली कसली?

कारखान्याचे इंजिनीयर शांत गृहस्थ. म्हणाले, वाद नको. सोमवारी नऊला पंप चालू करा, माझ्यासमोर ४ बंद करा. थांबतो का बघू.

बाहेर आल्यावर मो.सर: "थांबला तर तुम्ही कायमच्या घरी." म्हटलं चालेल.

शनि. १७
कडावला, घरी. आईने वालाच्या शेंगा उकडल्या होत्या. "सई करून टाकायची व्हती गं. नोकरी गेली तं काय करशील? डोकं तुझं बापावर गेलंय." शेंगा मात्र मलाच जास्त वाढल्या.

रवि. १८
दुपारी चाचांचा फोन. आमच्याच दुसऱ्या साइटची दोन माणसं हत्यारं घेऊन आत गेली, दोन तास होती. चाचांना गेटवरच अडवलं. "दार रंगवलंय म्हनं. आत काय केला, काय ठाव नाय."

घाबरले. खोटं कशाला बोलू.

सोम. १९, सकाळी
केबल गुपचूप ४ वर नेली असेल, तर ड्रॉइंग खरं झालं आणि मी चारचौघांत खोटी पडणार. पडले तर पडले. नोकरीही जाईल. पण उद्या झाकण उघडणारा माणूस जिवंत घरी जाईल, आणि ती केबल माझ्या पत्रामुळे हललेली असेल, हे मो.सरांना आणि मला दोघांनाही ठाऊक असेल. नुसतंच दार रंगवलं असेल, तर मग बघतेच.

दोन शीट नव्या छापून घेतल्यात, चौकट कोरी. ४ दिसो नाहीतर ७, जे दिसेल ते लिहिणार आणि मगच सही.

फोन वाजतोय. मो.सर. उचलत नाही. नऊला पंपापाशी भेटूच.