खुराड्याला कुलूप

२ फेब्रु. ७१, मंगळ.
तांबडीची अंडी आजही नाहीत. पांढरी रोज खुराड्यात घालते, हिचीच गायब. आणि सदा रागावलेली. हात लावला की पिसं फुलवून टोचते. पोटाखालची पिसं गळून कातडी लाल पडली आहे. पिसवा झाल्या असणार, राख चोळली. अंडी कोण नेतं हे कळायला फार अक्कल लागत नाही. मधे एक कूड, पलीकडे पारूबाई. एकटी, दिवसभर घरीच. आम्ही बदलून आलो तेव्हा तांबडी तिनेच दिलेली. कोंबडी दिली, आता अंडी परत घेते.

६ फेब्रु., शनि.
काल नगरहून कुलूप आणलं, आज खुराड्याला लावलं. कुसुम म्हणाली, "अहो, शिंगणापुरात माणसांच्या घरांना दारं नाहीत अन् तुम्ही कोंबड्यांना कुलूप लावता? गाव काय म्हणेल?" म्हणू दे. बायकोला तर माझं काहीच पटत नाही.
पा.बाई बघून गेली. "मास्तर, कुलूप कुनासाठी वो?"
"मांजरासाठी."
"मांजराला कडी उगडती व्हय?" हसली नाही.

९ फेब्रु., मंगळ.
सकाळी सोडलेली तांबडी संध्याकाळी परत आलीच नाही. अंडी झाली, आता कोंबडी! पारावर बोलून आलो. "नाव घेत नाही, पण माझ्या शेजारी घर एकच आहे." बरं वाटलं बोलून.

१६ फेब्रु., मंगळ.
पा.बाईचे डोळे आलेत. लालभडक. साथ आहे, माझ्या वर्गातही चौघांचे आले. पण पोरांना साथ, अन् हिला शनिदेव! इथे चोराचे डोळे तो घेतो म्हणे. विहिरीवर बायका तिला बाजूला उभं करतात. "द्येवानं दावलं," म्हणतात. मी मास्तर, साथ आहे म्हणून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं लिहायचं तर आत कुठेतरी गार वाटलं.

२ मार्च, मंगळ.
तांबडी आली. मागे नऊ पिल्लं.
आमच्याच परसातल्या तुराट्यांच्या ढिगाखालून. कुसुमने तुराट्या उपसल्या तर आत खळगा, टरफलं. खुडूक झाली होती, बस्स. लपून घातली, लपून बसली. पिसं फुलवणं, अंगावर येणं, पोट उघडं पडणं, का तर अंड्यांना कातडीची ऊब थेट लागावी म्हणून. हे मी सातवीला दर वर्षी शिकवतो. फळ्यावर चित्र काढून! आणि स्वतःच्या कोंबडीला राख चोळली. थू माझ्या शिकवण्यावर.
कुसुम: "आता जा अन् सांगा तिला."
"तू सांग ना, बायकाबायकांत."
"कुलूप मी लावलं होतं?"

३ मार्च
कुलूप काढलं, कुणी बघत नाही असं बघून. तांबडी अन् पिल्लं बांबूच्या पाटीखाली झाकून ठेवलीत. दिसली तर लोक विचारतील. चिवचिव काही थांबत नाही. शरम वाटते. शरमेपेक्षा भीती जास्त वाटते, त्याची आणखी शरम.

५ मार्च, शुक्र.
पा.बाई कुडाशी आली. डोळ्यांना ओला फडका.
"मास्तर, लई आटवून बघितलं. तुमचं काय घेतल्यालं ध्यानात यीना. पर द्येव उगंच कोपत न्हाई. काईतरी चुकलंच आसंल माजं. उद्या तेल वाहून माफी मागते."
पाटीखाली पिल्लं ओरडत होती. तिला ऐकू गेलीच असणार.
मी म्हणालो, "डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने धूत जा." एवढंच निघालं तोंडातून. जीभ कशी झडली नाही.
कुसुम रात्री जेवली नाही.

६ मार्च, शनि. सकाळ
रस्त्याने देवाला निघालेली माणसं. कुसुमने मला न विचारता पाटी उचलली. तांबडी पिल्लं घेऊन सरळ पा.बाईच्या अंगणात. जुनं घर, ओळखणारच.
पा.बाई तेलाची वाटी घेऊन चौकटीत उभी होती. वाकून पिल्लांकडे बघितलं. मग तो फडका बाजूला करून इकडे बघितलं. अजून बघते आहे. मी खाटेवर, मांडीवर वही, लिहिण्याचं सोंग. तोंड कुठे लपवू?
दार असतं तर लावून घेतलं असतं.
उठतो.